नोकरीवर परतल्यानंतरही बाळाला अंगावरचे दूध कसे देता येईल

प्रसूतीची रजा संपत आली की बहुतेक घरांतून एकच सल्ला मिळतो: आता बाळाला वरच्या दुधाची सवय लावा, म्हणजे तुम्हाला निर्धास्तपणे कामावर जाता येईल. हा सल्ला मायेपोटीच दिलेला असतो, तरी तो मानण्याची गरज फार थोड्या आयांना असते. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध आणि त्यापुढे पूरक आहाराच्या जोडीने दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक काळ स्तनपान, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे आणि ती नोकरी करणाऱ्या आईलाही लागू होते. तिला थोडी पूर्वतयारी करावी लागते, कार्यालयात काही गोष्टी मागून घ्याव्या लागतात आणि घरातल्या माणसांना दोन-तीन नव्या सवयी लावाव्या लागतात. ही तयारी कोणत्या क्रमाने करावी, हे पहिल्यांदाच कामावर परतणाऱ्या आईसाठी पुढे दिले आहे.

दूध कमी का होते, हे आधी समजून घ्यावे

स्तनांतून जितके दूध निघते, तितके पुन्हा तयार होते. दूध बराच वेळ साचून राहिले की निर्मिती मंदावते आणि असे रोज घडू लागले की काही दिवसांतच आईला ‘दूध आटले’ असे वाटू लागते. कामावर जाणाऱ्या आईचे दूध कामामुळे आटत नाही. आठ-दहा तास ते काढलेच जात नाही म्हणून कमी होते. यापुढच्या प्रत्येक पायरीचा आधार हाच आहे. दुसरी गोष्ट म्हणजे पान्हा फुटण्यासाठी ऑक्सिटोसिन हे संप्रेरक लागते आणि धास्ती, घाई किंवा वेदना असल्यास त्याचे काम अडते. त्यामुळे दारावर कोणी थाप मारील या भीतीने घाईघाईत काढलेले दूध नेहमीपेक्षा कमी निघते. त्यावरून आपले दूधच कमी आहे, असा निष्कर्ष काढू नये.

अळिवाचे लाडू, डिंक, खसखस, शतावरी यांवर आपल्याकडे मोठा विश्वास आहे. अळिवात लोह असते, लाडवांनी बाळंतिणीला ताकद मिळते, म्हणून ते जरूर खावेत. पण दुपारचे दूध काढणे चुकवले, तर त्याची भरपाई लाडू करू शकत नाहीत.

रजा संपण्याच्या दीड-दोन महिने आधी: कार्यालयाशी लेखी बोलणे

मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ मध्ये २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळू लागली. अपेक्षित तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम केलेले असावे, अशी तिची अट आहे. या रजेपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. जिने ते सगळे आधीच वापरले, तिच्याकडे नंतर १८ आठवडेच उरतात आणि ती रुजू होते तेव्हा बाळ जेमतेम चार महिन्यांचे असते. म्हणून प्रकृती ठीक असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर रजा शक्य तितकी प्रसूतीनंतरसाठी राखून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची प्रसूती रजा असते.

याच कायद्यातील तीन तरतुदी अनेकींना ठाऊक नसतात. पहिली अशी की, बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोन विराम बाळाला पाजण्यासाठी मिळाले पाहिजेत. दुसरी अशी की, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय केली पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ दिले पाहिजे. या चार भेटींत तिची नेहमीची सुट्टीही धरलेली आहे. तिसरी अशी की, कामाचे स्वरूप तसे असेल, तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याची व्यवस्था मालक आणि कर्मचारी परस्परांच्या संमतीने ठरवू शकतात. नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे; पाजण्याचे विराम आणि पाळणाघर यांच्या तरतुदी तिच्यातही आहेत.

बोलणे तोंडी झाले, तरी त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल अवश्य पाठवावा. त्यात एवढे लिहिले तरी पुरते: ‘मी अमुक तारखेला रुजू होत आहे. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत सकाळी ११ आणि दुपारी ३ च्या सुमारास दूध काढण्यासाठी प्रत्येकी अर्धा तास आणि आतून कडी लावता येईल अशी खोली मिळावी, ही विनंती.’ खोलीत खुर्ची आणि विजेचा प्लग असावा, हात धुण्याची सोय जवळ असावी. स्वच्छतागृहात दूध काढायला सांगितले गेले, तर ते नम्रपणे पण स्पष्टपणे नाकारावे. बाळाचे अन्न शौचालयात तयार करण्याचे कारण नाही. हिरकणी कक्षाची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. एसटी स्थानकांवर आणि अनेक शासकीय कार्यालयांत असे कक्ष आहेत. २०२२ च्या हिवाळी अधिवेशनात आमदार सरोज अहिरे तान्ह्या बाळाला घेऊन नागपूरच्या विधानभवनात आल्या, तेव्हा विधिमंडळातल्या हिरकणी कक्षाचीही चर्चा झाली होती. तुमच्या कार्यालयात असा कक्ष नसेल, तर दिवसातून दोनदा अर्धा तास रिकामी राहणारी एखादी बैठकीची खोली किंवा भांडारखोली बहुधा सापडते; ती कोणती, हे आपणच हेरून सुचवले की काम लवकर होते.

रुजू होण्याचा दिवस निवडण्याची मुभा असेल, तर सोमवारऐवजी गुरुवार घ्यावा. दोन दिवस काम केल्यावर शनिवार-रविवारची उसंत मिळते आणि काय चुकते आहे ते लक्षात येते.

तीन-चार आठवडे आधी: दूध काढायला शिकणे

पंप घ्यायचा असला, तरी आधी हाताने दूध काढायला शिकावे. त्याला खर्च नाही, वीज लागत नाही आणि पंप घरी विसरला त्या दिवशी तेच कामी येते. हात साबणाने धुऊन बसावे, स्वच्छ रुंद तोंडाची वाटी जवळ घ्यावी. अंगठा वरच्या बाजूला आणि पहिली दोन बोटे खालच्या बाजूला, स्तनाग्रापासून साधारण दोन-तीन सेंटिमीटर मागे ठेवावीत. बोटे आधी छातीच्या दिशेने मागे दाबावीत, मग अंगठा आणि बोटे एकमेकांकडे दाबून सोडावीत. दाबणे, सोडणे, दाबणे, सोडणे अशी लय ठेवावी. बोटे त्वचेवरून घसरवू नयेत आणि स्तनाग्र ओढू नये. त्याने दूध येत नाही, फक्त दुखते. सुरुवातीला मिनिटभर थेंबच येतात, मग पान्हा फुटला की धार लागते. धार मंदावली की बोटे गोलाकार फिरवून दुसऱ्या जागी ठेवावीत आणि मग दुसऱ्या बाजूकडे वळावे. नीट केले, तर यात मुळीच दुखत नाही. दुखत असेल, तर बोटांची जागा चुकते आहे असे समजावे आणि जवळच्या परिचारिकेकडून किंवा स्तनपान सल्लागाराकडून एकदा प्रत्यक्ष पाहून घ्यावे.

दिवसातून दोन-तीन वेळा काढावे लागणार असेल, तर दोन्ही बाजूंना एकाच वेळी लागणारा विजेवरचा किंवा बॅटरीवरचा पंप वेळ वाचवतो. त्याच्या कपाचे माप आपल्याला योग्य आहे ना, हे पाहावे. स्तनाग्र कपाच्या नळीत मोकळेपणाने हलले पाहिजे, घासता कामा नये. माप चुकीचे असल्यामुळे दूध कमी निघते आणि दोष मात्र आई स्वतःला देते, असे फार वेळा होते. ओढ जितकी जोरात तितके दूध जास्त, हाही गैरसमज आहे; दुखणार नाही इतकीच ओढ ठेवावी.

सराव सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर करावा, कारण रात्री दूध तयार करणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण वाढलेले असते आणि बऱ्याच जणींना पहाटे दूध भरपूर असते. पहिल्या दिवशी वीस-तीस मिलिलिटर निघाले, तरी ते पुरेसे आहे. फ्रीझर बाटल्यांनी भरून टाकण्याची गरज नाही. रुजू होण्याच्या दिवशी दोन दिवसांचा साठा असला म्हणजे झाले, कारण आज कार्यालयात काढलेले दूध बाळ उद्या पिणार असते.

बाळाला किती लागेल, याचा अंदाज असा बांधावा. एक ते सहा महिन्यांचे बाळ दिवसभरात साधारण ७५० ते ८०० मिलिलिटर दूध पिते, म्हणजे तासाला सुमारे तीस मिलिलिटर. प्रवास धरून आई दहा तास बाहेर राहणार असेल, तर तीनशे मिलिलिटरच्या आसपास लागेल. त्याहून थोडे जास्त ठेवावे. आईच्या दुधाचे प्रमाण गाईच्या किंवा डब्याच्या दुधासारखे महिन्यागणिक वाढवावे लागत नाही, हे आजीलाही समजावून सांगावे.

साठवण

या बाबतीत चुका सर्वांत जास्त होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो आहोत. झाकण घट्ट बसणाऱ्या काचेच्या, स्टीलच्या किंवा अन्नासाठीच्या प्लॅस्टिकच्या लहान बाटल्यांत साठ ते नव्वद मिलिलिटरचे भाग करावेत, म्हणजे उरलेले दूध फेकून द्यावे लागत नाही. प्रत्येक बाटलीवर तारीख आणि वेळ लिहावी. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ताजे दूध चार तास चांगले राहते. पण एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यात किंवा मुंबईच्या दमट उकाड्यात खोली इतकी थंड नसते, तेव्हा दूध काढल्याबरोबर थंडाव्यात ठेवावे. फ्रिजमध्ये ते चार दिवस राहते, मात्र बाटली दारातल्या कप्प्यात न ठेवता आतल्या बाजूला मागे ठेवावी. वेगळे दार असलेल्या फ्रीझरमध्ये सहा महिन्यांपर्यंत ठेवता येते. एकाच दाराच्या फ्रिजच्या आत जो बर्फाचा लहान कप्पा असतो, त्यातले दूध मात्र दोन आठवड्यांत संपवावे आणि वीज वारंवार जात असेल, तर त्यावर फार विसंबू नये.

गोठलेले दूध रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवावे किंवा बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात उभी करावी. पूर्ण वितळल्यापासून ते चोवीस तासांत वापरावे आणि पुन्हा गोठवू नये. बाळाने तोंड लावलेले दूध दोन तासांच्या आत संपले नाही, तर टाकून द्यावे. साठवलेल्या दुधावर सायीसारखा थर येतो. दूध नासले असे समजून ते फेकू नये, बाटली हळुवार फिरवली की ते एकजीव होते.

आपल्या घरांत दूध म्हटले की ते आधी तापवायचे, ही सवय हाडीमाशी खिळलेली आहे. आईचे दूध उकळू नये आणि मायक्रोवेव्हमध्येही ठेवू नये. उकळल्याने त्यातले रोगप्रतिकारक घटक नष्ट होतात, तर मायक्रोवेव्हमध्ये ते असमान तापून बाळाचे तोंड भाजू शकते. ही सूचना कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावावी.

दोन आठवडे आधी: बाळाला पाजणारी माणसे

बाळाला आजी सांभाळणार असो, सांभाळणाऱ्या मावशी असोत की पाळणाघर, त्यांना आई रजेवर असतानाच निदान आठवडाभर सराव मिळाला पाहिजे. मी बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडले सुचवेन. ते धुवायला सोपे असते आणि बाटलीच्या बुचाची सवय लागून बाळ अंगावर ओढायला कंटाळते, तो धोकाही टळतो. फक्त बोंडल्याने पाजण्याची आपली जुनी रीत बदलायला हवी. बाळाला मांडीवर आडवे ठेवून त्याच्या घशात दूध ओतणे धोक्याचे आहे, कारण त्याने ठसका लागतो आणि दूध श्वासनलिकेत जाऊ शकते. बाळाला जवळजवळ बसते धरावे, भांड्याची कड खालच्या ओठाला टेकवावी, दूध ओठापर्यंत आले की थांबावे आणि बाळाला स्वतः जीभ पुढे काढून ते घेऊ द्यावे. पहिल्या दिवशी अर्धे दूध झबल्यावर सांडते. चार-पाच दिवसांत बहुतेक बाळे सराईत होतात.

बाटली वापरावीच लागली, तर सर्वांत मंद प्रवाहाचे बूच घ्यावे, बाटली उभी न धरता आडवी धरावी आणि मधून मधून थांबावे. आई जवळ असताना बाळ वाटीतून पीत नाही, हेही लक्षात घ्यावे. त्याला आईचा वास येत असतो, म्हणून सरावाच्या वेळी आईने दुसऱ्या खोलीत किंवा घराबाहेर जावे.

बाळाच्या वडिलांनी दुधाच्या बाटल्या आणि पंपाचे भाग रोज धुण्याचे काम पूर्णपणे स्वतःकडे घ्यावे, असे मला मनापासून वाटते. हे भाग आधी साध्या पाण्याने, मग वेगळ्या पातेल्यात साबणाच्या कोमट पाण्याने धुवावेत, दिवसातून एकदा पाच मिनिटे उकळावेत आणि स्वच्छ कापडावर पूर्ण वाळू द्यावेत. पावसाळ्यात नळ्यांत ओल राहून बुरशी धरते, तिकडे लक्ष ठेवावे. रात्री दहा वाजता दमलेल्या आईने हे काम करावे, अशी अपेक्षा असलेल्या घरात दूध काढणे लवकर बंद पडते.

कामाचा दिवस

घर सोडण्यापूर्वी दोनदा पाजावे: उठल्यावर एकदा आणि निघण्याच्या अगदी आधी एकदा. कार्यालयात साधारण दर तीन तासांनी, दोन्ही बाजूंचे मिळून पंधरा-वीस मिनिटे दूध काढावे. समजा, एखादी कल्याणहून सव्वाआठची लोकल पकडते आणि संध्याकाळी सातला घरी पोहोचते. तिने अकरा आणि तीन वाजता न चुकता काढावे आणि निघण्यापूर्वी पाच मिनिटे हाताने हलके करून घ्यावे, म्हणजे गर्दीच्या डब्यात छाती भरून येत नाही. सांभाळणाऱ्या व्यक्तीला सांगून ठेवावे की आई घरी येण्याच्या आधीच्या तासाभरात बाळाला पोटभर पाजू नये. दारात आई आली की बाळाने तिच्याच अंगावर प्यावे.

पिशवीत पंप किंवा वाटी, झाकणाच्या तीन-चार बाटल्या, बर्फाच्या पिशव्या असलेली थंड पिशवी, सुती पॅड आणि एक जादा कुर्ता असावा. बर्फाच्या पिशव्या गोठलेल्या असतील, तर अशा पिशवीत दूध चोवीस तास टिकते, म्हणून कार्यालयात फ्रिज नसला तरी अडत नाही. बैठकीत अचानक पान्हा फुटला, तर हात छातीवर घट्ट बांधून घ्यावेत. थोडा दाब पडला की तो थांबतो. गडद किंवा छापील कपड्यांवर ओल दिसत नाही. दूध काढताना मोबाइलवर बाळाचे छायाचित्र किंवा आवाज असेल, तर बऱ्याच जणींना पान्हा लवकर फुटतो.

सुट्टीच्या दिवशी पंप बाजूला ठेवून बाळाला मागेल तेव्हा अंगावर घ्यावे. आठवड्यात कमी झालेले दूध त्या दोन दिवसांत पुष्कळ भरून येते.

पहिल्या महिन्यातल्या अडचणी

काही बाळे दिवसा जेमतेम पितात आणि रात्री सारखी उठून भूक भागवतात. लघवी पुरेशी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर यात काळजीचे कारण नाही. हे काही आठवडे चालते. त्या काळात आईने संध्याकाळी लवकर आडवे व्हावे आणि स्वयंपाक दुसऱ्याने करावा.

एकाएकी दूध कमी झाल्यासारखे वाटले, तर कारण शोधावे. दूध काढणे चुकले होते का, पाळी सुरू झाली आहे का, नवे औषध चालू आहे का, हे पाहावे. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते, त्याने दूध घटते. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनीही ते कमी होऊ शकते. म्हणून कोणतेही औषध घेताना आपण अंगावर पाजतो, हे डॉक्टरांना आधी सांगावे. याला जोडून एक महत्त्वाची गोष्ट: स्तनपान चालू असताना गर्भ राहत नाही, या समजावर कामावर परतल्यावर अजिबात विसंबू नये. बाळ सहा महिन्यांहून लहान असणे, फक्त अंगावरच पिणे, पाळी आलेली नसणे आणि दोन पाजण्यांत फार अंतर नसणे, या सर्व अटी पाळल्या तरच ते संरक्षण मिळते आणि नोकरी सुरू होताच अंतर वाढते.

छातीत गाठ लागली, ती जागा लाल झाली, ठणकू लागली, तर त्या बाजूने पाजणे थांबवू नये. गरम शेक आणि जोरदार मालिश करण्याची आपली पद्धत सूज वाढवते. पाजल्यानंतर थंड पट्ट्या ठेवाव्यात आणि हात हलका ठेवावा. थंडी वाजून ताप आला आणि तो दिवसभरात उतरला नाही, तर डॉक्टरांकडे जावे.

पगारी रजाच नसेल तर

घरकाम करणाऱ्या, शेतात जाणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या बायांना २६ आठवडे मिळत नाहीत आणि अनेकींकडे फ्रिजही नसतो. त्यांच्यासाठीही मार्ग आहे. निघण्यापूर्वी अंगावर पाजावे, मग झाकणाचे स्टीलचे भांडे आधी उकळून घेऊन त्यात हाताने काढलेले दूध घरातल्या सर्वांत थंड जागी ठेवावे आणि ते चार तासांच्या आत, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, वाटी-चमच्याने पाजायला सांगावे. दुपारी बाळाला कामाच्या ठिकाणी आणता आले किंवा आईला घरी जाता आले, तर निम्मा प्रश्न सुटतो. बाहेर दूध काढूनही ते ठेवायला जागा नसेल, तरी छाती हलकी करून घ्यावी. ते दूध वाया गेले, तरी उद्याचे दूध टिकते. पहिल्या अपत्यासाठी प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून पाच हजार रुपये मिळतात, दुसरे अपत्य मुलगी असल्यास सहा हजार. त्यासाठी अंगणवाडी सेविका किंवा आशा ताईंकडे चौकशी करावी.

घरी सगळे करूनही दिवसा एखाद्या वेळचे दूध कमी पडले, तर तेवढ्यापुरते डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध द्यावे आणि बाकीच्या सर्व वेळी अंगावरचेच दूध चालू ठेवावे. एका वाटीमुळे सगळे सोडून देण्याचे कारण नाही. याउलट एखादीला गरजेपेक्षा पुष्कळ दूध येत असेल, तर जवळच्या रुग्णालयात दुग्धपेढी आहे का, हे विचारावे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये अशी पेढी सुरू केली आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळांना तिचा मोठा आधार मिळाला.

सहा महिन्यांनंतर आणि वर्षानंतर

सहा महिने पूर्ण झाले की नाचणीची पेज, मऊ वरणभात, कुस्करलेली फळे सुरू होतात आणि दुपारच्या दुधावरचा भार हळूहळू हलका होतो, तरी वर्षभर दूध हेच मुख्य अन्न राहते; म्हणून पूरक आहार आधी आणि दूध नंतर असे न करता दुधानंतर आहार द्यावा. वर्ष झाले की कार्यालयातले दूध काढणे कमी करता येते. एकदम बंद केले, तर छाती भरून गाठी लागतात, म्हणून आधी दुपारची वेळ रोज चार-पाच मिनिटांनी घटवावी आणि ती पूर्ण सुटल्यावर, आठवडाभर थांबून, सकाळची वेळ घटवायला घ्यावी. पहाटेचे, कामावरून आल्यानंतरचे आणि झोपतानाचे पाजणे यानंतरही तसेच चालू राहते आणि त्यासाठी पंपही लागत नाही, परवानगीही लागत नाही.